कॅमेऱ्याचं कुंकू

माणूस ओळखायचा तर आधी तो नीट दिसावा लागतो, असा एक गैरसमज समाजात फार पूर्वीपासून रूढ आहे. भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कातल्या 'नवकिरण' सहकारी गृहनिर्माण संस्थेने (मर्यादित) १९९४ ते १९९८ या काळात तो साफ खोडून काढला. 'मर्यादित' हा शब्द कायद्याने लावावा लागतो. नवकिरणने तो मनापासून लावला होता.

या कार्याचं सगळं श्रेय संस्थेचे सचिव दत्ताराम मयेकर यांना जातं. लालबागची खोली विकून ते इकडे आले होते, फोर्टातल्या एका विमा कचेरीत हेडक्लार्क होते आणि कुणी काहीही सांगितलं की "लेखी द्या" म्हणत. चौऱ्याण्णव साली आवारातून एक सायकल गेली तेव्हा त्यांनी सभेत ठराव मांडला, की वॉचमन हा माणूस असल्यामुळे त्याला झोप लागते. सबब त्याच्या जागी कॅमेरा बसवण्यात यावा. ठराव एकमताने मंजूर झाला आणि वॉचमन पंढरीनाथला त्याच आठवड्यात निरोप देण्यात आला. जाताना तो खांबावरच्या नव्या कॅमेऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला, मग काही न बोलता काठी गेटला टेकवून निघून गेला. (काठी संस्थेची होती. ती जमा करून घेण्यात आली.)

कॅमेरा गेटच्या खांबावर होता आणि त्याचं तोंड पंपाच्या खोलीकडे होतं. त्याची वायर थेट तिसऱ्या मजल्यावर मयेकरांच्या हॉलमध्ये गेली, कारण संस्थेला ऑफिस नव्हतं आणि मयेकरांकडे टीव्ही होता. एकच होता.

"आणि माझी सिरियल?" मृणालिनीबाईंनी, म्हणजे सौ. मयेकरांनी, विचारलं.

"सुरक्षिततेसाठी त्याग करावा लागतो," मयेकर म्हणाले. तो कोणी करायचा हे ठरावात नमूद नव्हतं, त्यामुळे तो मृणालिनीबाईंच्या वाट्याला आला.

सुरुवातीचे महिने संस्थेला फार जड गेले, कारण चित्र लख्ख होतं. माणसाच्या मिश्या दिसत, शर्टाचं तुटलेलं बटण दिसे, आणि मयेकरांना बहुतेक माणसं ओळखू येत नसत. "हा कोण घुसतोय?" ते ओरडत, आणि तो बी विंगमधला सभासद निघे. एकदा तर खजिनदारांनाच गेटवर अडवून "कुणाकडे जायचंय?" असं विचारण्यात आलं. इतकी वर्षं एका जिन्याने चढणाऱ्या माणसांनी एकमेकांचे चेहरे पाहिलेले नव्हते आणि आता ते अचानक बघावे लागत होते.

सुदैवाने दसरा आला.

दसऱ्याला यंत्रांची पूजा करायची पद्धत आहे. शिलाई मशीनला हळदकुंकू वाहतात, स्कूटरला वाहतात, मग कॅमेऱ्यानेच काय घोडं मारलं होतं? मयेकर सोवळं नेसून स्टुलावर चढले. कुंकू कपाळाला लावायचं असतं, पण कॅमेऱ्याचं कपाळ कुठलं, यावर खाली बरीच चर्चा झाली. शेवटी समोर जो गोल चकचकीत भाग आहे तोच कपाळ, असं ठरलं. मग हळद, कुंकू, त्यावर अक्षता, नारळाचं पाणी, आणि कापराची आरती अगदी जवळून, म्हणजे धूर आत जाईल इतक्या जवळून.

तळमजल्यावरचे बापूराव वाघमारे पोस्टात होते. हिंगोलीकडचं बौद्ध कुटुंब, ते पूजेत नसत. पण येता येता ते सहज म्हणाले, "मयेकरसाहेब, पूजा झाली की काच तेवढी पुसून घ्या."

पूजेचं कुंकू पुसायचं? तेही दसऱ्याला? ज्या खांबाच्या जिवावर सगळ्या बिल्डिंगचं सौभाग्य उभं आहे, त्याच्या कपाळाचं? बापूरावांना तसं काही म्हणायचं नव्हतं, पण संस्थेने हे वाक्य नीट लक्षात ठेवलं.

पुढे दरवर्षी दसरा होत गेला आणि थरावर थर चढत गेला. पडद्यावर आधी साय आली, मग सायीवर साय आली. मयेकरांनी 'धूसरता निवारण उपसमिती' नेमली. उपसमितीने काचेकडे न बघता (स्टूल मृणालिनीबाईंनी स्वयंपाकघरात नेलं होतं) अहवाल दिला, की मिठागरांच्या खाऱ्या हवेने कॅमेऱ्याला मोतीबिंदू झाला असावा. उपायांमध्ये एकच पथ्य होतं: वरून काहीही चढवायला हरकत नाही, खालचं काढायचं नाही. नाक्यावरचा रिक्षावाला म्हणाला, "बारिश में काच पे तंबाखू घिसते हैं साब, एकदम क्लिअर." त्याप्रमाणे तंबाखू चोळण्यात आली. दुसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेननी, पावसात कुंकू ओघळू नये म्हणून, वर खोबरेल तेलाचा हात दिला. त्यावर रस्त्याची धूळ आपणहून येऊन बसली. तिच्यासाठी ठराव करावा लागला नाही.

आणि याच काळात मयेकरांना सिद्धी प्राप्त झाली.

काच साफ असताना त्यांना दहापैकी तीन माणसं ओळखू येत. पहिल्या दसऱ्यानंतर सहा येऊ लागली. चौथ्या दसऱ्यानंतर, पडद्यावर शिजत्या पिठल्यासारखं काहीतरी नुसतं हलत असताना, दहापैकी अकरा येऊ लागली. (अकरावा टँकरचा पाइप होता.) "चेहऱ्याचं काय घेऊन बसलात?" मयेकर म्हणत. "चेहरा माणूस बदलतो. चाल बदलत नाही. मी चालीवरून ओळखतो." त्यांनी एकदा ओळखलं की बाकीच्यांनाही पिठल्यात तोच माणूस दिसू लागे. रविवारी सभासद पाव्हण्यांना घेऊन बघायला येत. मृणालिनीबाई चहा करत.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर आवारातल्या पितळी तोट्या एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. मयेकरांनी पडद्यावर एक हलता डाग पाहिला आणि म्हणाले, "वाघमाऱ्यांचा मुलगा, संघर्ष."

संघर्षच का, असं कुणीही विचारलं नाही. मयेकरांच्या तोंडून ते नाव इतकं सहज आलं, आणि बाकीच्यांना ते इतकं सहज पटलं, की त्यात कुणाचा काही हात आहे असं कुणालाच वाटलं नाही. सगळी जबाबदारी कॅमेऱ्याची होती.

संघर्षला नुकतीच रेल्वेत नोकरी लागली होती. हाती पडायची तर पोलिसांची चारित्र्य पडताळणी व्हायची होती, आणि त्यासाठी सोमवारी हवालदार येऊन सोसायटीच्या सचिवाला विचारणार होता. त्याची आई कांताबाई आधीच घरोघर पेढे देऊन आल्या होत्या. (काही घरांत नेमका उपास निघाला.) आता सचिवाच्या एका शब्दावर पोराचं आयुष्य टांगलेलं होतं आणि सचिवाचा शब्द एका डागावर.

रविवारी मयेकरांच्या हॉलमध्ये तातडीची सभा झाली. बापूराव आणि संघर्ष यांना बोलावण्यात आलं. त्यांना बसायला दिलं ते पाठीमागे, दाराजवळ. सगळे टीव्हीकडे तोंड करून बसले होते.

मयेकर विषय मांडत होते, तेवढ्यात पडद्यावर पिठलं हललं. एक डाग पंपाच्या खोलीकडे निघाला.

"बघा! भर दुपारचा आलाय!" मयेकर ताडकन उठले. "हाच तो. खांदा बघा, डावा पाय बघा. संघर्ष! शंभर टक्के संघर्ष!"

"काका," मागून आवाज आला, "मी इथे आहे."

सगळ्यांनी वळून बघितलं. संघर्ष खरोखरच तिथे होता. मग सगळ्यांनी परत पडद्याकडे बघितलं. तिथेही होता.

"तू इथे आहेस, हा मुद्दा वेगळा," मयेकर थोडा विचार करून म्हणाले. "आता विषय चालीचा चाललाय."

"अरे मयेकरभाई, ए तो गॅसवाला छे," हंसाबेन म्हणाल्या.

"गॅसवाला कुठला? एवढा हळू चालतोय, सरकारी माणूस असणार," खजिनदार म्हणाले.

"मी खाली जाऊन बघून येऊ का?" बापूरावांनी विचारलं.

"सभा चालू असताना बाहेर जाता येत नाही," मयेकर म्हणाले. "आणि खालीच जायचं तर कॅमेरा कशाला लावला?"

डाग पंपाच्या खोलीत शिरला. दूधवाला, पेपरवाला आणि अध्यक्षांचे साडू अशी तीन नावं सुचवली गेली, हात वर करून मतदान झालं आणि दूधवाला निवडून आला. तोवर डाग खोलीतून बाहेर पडला होता. आता तो बराच मोठा झाला होता आणि जड पावलांनी गेटकडे चालला होता.

"ही चाल वेगळी आहे," मयेकर म्हणाले. "हा दुसरा माणूस."

संघर्ष न विचारता उठला आणि जिना उतरत धावला. तो पोचला तेव्हा पंपाच्या खोलीत चार बोल्ट आणि थोडं पाणी उरलं होतं. पंप गेला होता. संध्याकाळपर्यंत सगळ्या घरांचे नळ कोरडे पडले.

तेव्हा मृणालिनीबाईंनी स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं, उरलेल्या पाण्यातलं तांब्याभर घेतलं, जुन्या साडीचा तुकडा घेतला आणि त्या खाली गेल्या. हंसाबेननी त्यांना गेटवर गाठलं. "भाभी, कुंकू मत पुसो! अपशकुन होगा!"

"पंप गेला, पाणी गेलं, चार वर्षं माझी सिरियल गेली," मृणालिनीबाई म्हणाल्या. "आता आणखी काय जायचंय? आमचे हे तर वर धडधाकट बसलेत." आणि त्यांनी काच पुसली. धूळ निघाली, तेल निघालं, तंबाखू, काजळी, कुंकू, हळद निघाली आणि अगदी तळाशी पहिल्या वर्षीच्या तीन अक्षता निघाल्या.

वर मयेकरांच्या पडद्यावर अचानक लख्ख उजेड झाला आणि एका बाईचा घामेजलेला, रागावलेला चेहरा पडदाभर दिसू लागला. मयेकर दचकले. "ही बाई कोण खांबावर चढलीय?" ते ओरडले. ती उभी होती, चालत नव्हती, त्यामुळे त्यांना ओळखता येईना. मग ती उतरून चालू लागली, तरी येईना. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण ती नेहमी त्यांच्या मागून चालत आली होती. तिची चाल त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

सोमवारी हवालदार आला. संघर्षला समोर उभं करून त्याने विचारलं, "याला ओळखता?"

मयेकरांनी बघितलं. मुलाला जाड भिंगांचा चष्मा होता. दहापैकी अकरा माणसं ओळखणाऱ्या मयेकरांना हा चष्मा माहीत नव्हता. दाराशी कांताबाई पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या. मयेकरांना लाज वाटली, अगदी आतून वाटली. (इतिवृत्तात तिची नोंद नाही.)

"ओळखत नाही," ते म्हणाले. "पण मुलगा चांगला आहे."

"ओळखत नाही, मग चांगला कसा?"

"ओळखत होतो," मयेकर म्हणाले, "तेव्हा वाईट वाटत होता."

हवालदाराने 'वर्तणूक चांगली' असं लिहून घेतलं आणि चहा न घेता निघून गेला. त्याला अजून तीन बिल्डिंगा करायच्या होत्या. संघर्ष रेल्वेत लागला. कांताबाईंनी पुन्हा पेढे दिले, या वेळी मयेकरांनी उभ्या उभ्या दोन खाल्ले. काही घरांत उपास अजून चालू आहे.

स्वच्छ काचेबद्दल मात्र लगेच तक्रारी सुरू झाल्या. चेहरे दिसतात, कुणी ओळखू येत नाही, असुरक्षित वाटतं, अशा अर्थाची बारा पत्रं सचिवांकडे आली. (लेखी आली, त्यामुळे विचार करावा लागला.) पुढच्या दसऱ्याला कॅमेऱ्याला दुप्पट कुंकू लावावं असं सर्वानुमते ठरलं. मयेकरांनी स्टुलावर चढायला नकार दिला, तेव्हा ते काम खजिनदारांनी केलं.

पंप कोणी नेला ते आजवर कळलेलं नाही. वाचकांना मात्र ते केव्हाच कळलं असणार: तो पंढरीनाथ, कामावरून काढलेला वॉचमन, दुसरं कोण? जाताना कॅमेऱ्याकडे बराच वेळ बघत नव्हता का उभा?

होता. कॅमेऱ्यावर छप्पर नाही, पावसात काच खराब होईल, असं त्याला वाटलं होतं. पण विचारणार कोण, म्हणून बोलला नाही. आणि त्या रविवारी भर दुपारी तो पेणकरपाड्यात थोरल्या मुलीच्या लग्नाच्या मांडवात पंगतीला वाढत होता. नवकिरणमध्ये सगळ्यांना पत्रिका होत्या. वाघमारे सोडून कुणाचाच आहेर पोचला नाही.

असो. तुम्ही तर त्याला बरोबर ओळखलंत. चालीवरूनच ना?