गाडी छान आहे, पण आमची कुठे आहे?

गाडी धुणं वेगळं आणि गाडी नव्याने जन्माला घालणं वेगळं. पहिलं काम बादली आणि फडकं असलेला कुणीही करतो. दुसरं मी करतो. या धंद्याला डिटेलिंग म्हणतात. माझे वडील मात्र अजूनही लोकांना सांगतात की पोरगा गाड्या पुसतो. असो. माझ्या दुकानावर मी मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं आहे : ‘मालकालाही ओळखू येणार नाही!’ पाटी रंगवली जात असताना बायको म्हणाली होती की या वाक्यात तुम्हाला वाटतं तेवढं कौतुक नाहीये. मी तिकडे लक्ष दिलं नाही. हल्ली देतो.

तर एके दिवशी आत्याचा फोन आला. म्हणाली, आतोबांची गाडी पहिल्यासारखी करून दे.

आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. कागदाच्या कारखान्यात मोठे इंजिनिअर होते. कारखान्याचा मालक सगळं आवरून परदेशी निघाला, तेव्हा जाताना त्याने आपली गाडी आतोबांच्या हवाली केली. गाडी कसली, चाकांवरचा दिवाणखानाच तो. पुढे लाकडाची चकचकीत फळी, मागे चॉकलेटी कातड्याची सीट, आणि लांबी एवढी की आतोबा फाटकातून आत येऊन थांबले तरी डिकी रस्त्यावरच्यांशी गप्पा मारत असायची. आम्हा सगळ्या भावंडांना त्या मागच्या सीटवर एकमेकांच्या मांडीवर रचून आतोबा फिरायला न्यायचे. बाहेरून गाडीला कुणी बोट लावलेलं त्यांना चालत नसे. आत मात्र सगळं माफ. शेंगा खा, संत्री सोला, कुत्र्याला घ्या, भांडा, रडा. स्वतः ते पाइप ओढत एवढ्या सावकाश चालवायचे की एकदा शेजारून चाललेल्या बाईंनी खिडकीतून डोकावून आत्याला स्वेटरचा टाका विचारला होता, आणि तो पूर्ण समजावून होईपर्यंत गाडी आणि बाई बरोबरीनेच चालल्या होत्या.

आतोबा गेले आणि गाडी गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली गेली. बरीच वर्षं तिला कुणी हात लावला नाही. आता आत्याचे गुडघे बोलायला लागले होते, म्हणून तिची मुलगी, म्हणजे आमची ताई, तिला आपल्या गावी कायमची न्यायला आली होती. आत्याने एकच अट घातली होती. जाईन तर आपल्याच गाडीतून जाईन, नाहीतर इथेच बरी आहे. ताईने मला बाजूला घेऊन सांगितलं, काय वाटेल ते कर, पण ती गाडी रस्त्यावर आण. आईला एकटी ठेवून मला झोप लागत नाही.

मी छातीवर हात ठेवून सांगितलं की आत्या बघतच राहील.

ताडपत्री काढली तेव्हा मात्र मीच बघत राहिलो. बॉनेटखाली उंदरांनी वसाहत केली होती. खिडक्यांच्या रबरावर शेवाळ, डिकीच्या गालिच्यात पांढरी भूछत्रं. सीट फाटलेली, छताचं कापड लोंबून आत तंबू झालेला. एखादा सहा फुटी राजबिंडा माणूस म्हातारपणी बनियनवर दिसावा, तसं वाटलं.

मी कामाला लागलो. इंजिन मेस्त्रींकडे दिलं, पोचे पत्र्यावाल्याकडे. बाकी सगळं माझ्या हातचं. आधी व्हॅक्यूमने आतला कचरा ओढला, मग वाफेने वास मारला. सीटला नवं कातडं लावलं. रंगावरचा इतक्या वर्षांचा थर थोडा थोडा घासत उतरवला, तेव्हा खालून तो गडद निळा रंग वर आला आणि मला खरंच भरून आलं. लहानपणी त्या रंगात आम्ही आमची तोंडं वेडीवाकडी करून बघायचो. आता त्यात माझं टक्कल दिसत होतं. दाराच्या खाचा दात घासायच्या ब्रशने साफ केल्या. बायको म्हणाली, एवढ्या प्रेमाने तुम्ही स्वतःचे दात कधी घासले नाहीत. तिने हेही सुचवलं, की आत्यांना मध्ये एकदा बोलावून दाखवा. मी म्हटलं, छे, आश्चर्याचा धक्का द्यायचा आहे.

धक्का बसला. कुणाला, ते सांगतो.

ठरल्या दिवशी आत्या आली. बरोबर ताई आणि फौजदारकाका. हे आत्याचे शेजारी, पोलिसातून निवृत्त झालेले, पण डोळ्यांतला संशय सरकारजमा करायला विसरलेले. मी दुकानाचं शटर वर केलं. गाडी उन्हात अशी चमकली की फौजदारकाकांनी खिशातून काळा चष्मा काढला.

आत्या शांतपणे मागच्या दाराशी गेली. ते दार पूर्वी अडकायचं. हँडल वर ओढून कमरेने एक दणका दिला की मगच उघडायचं, आणि तो दणका नेमका कुठे द्यायचा हे फक्त आत्याला ठाऊक होतं. सवयीने तिने हँडल धरलं आणि कंबर हाणली. मी ते दार फुंकर मारली तरी हलेल असं केलेलं. ते सर्रकन उघडलं, दणका हवेत गेला, आणि आत्या कशीबशी तोल सावरत आडवी सीटवर पडली. सीटला मी नुकतंच पॉलिश केलेलं. ती तशीच घसरत पलीकडच्या दारापर्यंत पोचली. ते दारही फुंकरीचंच होतं. फौजदारकाका चपळाईने पलीकडे धावले म्हणून बरं, नाहीतर आमची आत्या गाडीच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आली असती.

तिला नीट बसवलं. तिने केस सारखे केले. नाक वर करून वास घेतला. सीटवरून हात फिरवला, वर छताकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून अगदी गोड आवाजात म्हणाली,

“गाडी छान आहे रे. पण आमची कुठे आहे?”

मला वाटलं, थट्टा करतेय. मी म्हटलं, आत्या, हीच की. ती म्हणाली, नाही. पाइपची ठिणगी पडून सीटला भोक पडलं होतं, ते कुठे आहे? फाटकाला घासून पोचा आला होता, तो दाखव. मी एकेक गोष्ट कशी दुरुस्त केली ते अभिमानाने सांगत गेलो आणि माझ्या प्रत्येक वाक्यागणिक तिची खात्री पटत गेली की ही गाडी दुसरीच आहे. शेवटी ती उतरली आणि ताईला म्हणाली, मी काही परक्याच्या गाडीतून जायची नाही. चल घरी.

ताईने माझ्याकडे असं बघितलं की मला लहानपणीचे तिचे चिमटे आठवले.

संध्याकाळपर्यंत बातमी नात्यात फिरली. आत्याने म्हणे एवढंच सांगितलं होतं की गाडी काही ओळखू येत नाही. मावशीपर्यंत पोचेपर्यंत मी गाडी बदलली होती. चुलत भावापर्यंत पोचेपर्यंत मी ती विकून दोन घेतल्या होत्या. शेवटी वडिलांचा फोन आला. ते आत्याचे सख्खे धाकटे भाऊ. आधी तब्येतीची चौकशी केली, मग आवाज खाली आणून म्हणाले की खरं काय ते सांगून टाक, आपण मिळून काहीतरी करू. मी शपथा घेतल्या. ते म्हणाले, मग दुकानावर तसं लिहिलंयस कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारकाका चौकशीला हजर. बरोबर आत्या आणि ताई. काकांनी खाली वाकून गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चासी नंबर वाचला, कागदाशी ताडला. नंबर तोच होता. मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, नंबर काय, कुणीही कोरतो. काकांनीही मान डोलावली. त्यांच्या नोकरीत तसे बरेच भेटले होते. मग त्यांनी विचारलं, आतून निघालेला माल कुठाय?

जुनं कातडं, गालिचे भंगारात गेले होते. उरलं होतं फक्त व्हॅक्यूमचं पिंप. ते गळ्याशी आल्याशिवाय मी कधी ओततच नाही. बायको त्यावरून रोज बोलते. त्या दिवशी मला माझ्या आळसाचा अभिमान वाटला. मी वर्तमानपत्रं पसरली आणि पिंप उपडं केलं.

धुरळा खाली बसल्यावर आम्ही चौघं त्या ढिगाऱ्याभोवती बसलो. आत्याला स्टूल दिलं. आधी ती नुसतीच बघत होती. मग तिने हात घातला आणि शेंगेचं एक टरफल काढलं. मग केसांची पिन. मग पिवळ्या कुत्र्याचे केस, बोटाला गुंडाळून बघितले. मग एक कोटाचं बटण निघालं, करड्या रंगाचं. ते तिने बराच वेळ तळहातावर ठेवलं. हे हरवलं म्हणून आतोबा आख्खा हिवाळा कोट उघडा टाकून हिंडले होते म्हणे, दुसरं लावून घ्यायला तयार नव्हते. सापडेल म्हणायचे. गाडीतच असेल.

मग ताईला एक लाल चिमुकला बूट सापडला, बाहुलीचा. ती उकिडवी बसली होती ती खालीच बसली. एवढी मोठी बाई, दोन मुलांची आई, पण तो बूट बोटावर चढवून लहान मुलीसारखी बघत राहिली. म्हणाली, या बुटासाठी मी किती रडले होते आणि बाबांनी गाडी परत फिरवून सगळा रस्ता शोधला होता. फौजदारकाकांनी काळा चष्मा लावला. दुकानात ऊन नव्हतं. मीही एक संत्र्याची वाळलेली बी हातात घेऊन बसलो होतो, आणि वाटत होतं की हे सगळं आपण एका दुपारी भोंग्यासारखा आवाज करत ओढून घेतलं आणि आपल्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

आत्याचं मन आता जवळजवळ वळलं होतं. तेवढ्यात तिच्या हाताला काहीतरी लागलं. तिने ते झटकून उजेडात धरलं. मोत्याचं कानातलं.

“हे माझं नाही,” आत्या म्हणाली.

ताई म्हणाली, आजीचं असेल. आत्या म्हणाली, तुझी आजी या गाडीत कधी बसली नाही, तिला गाडी लागायची. फौजदारकाका छताकडे बघू लागले. त्यांच्या नोकरीत असंही बरंच भेटलं असणार. आत्याने मान वळवली आणि उभ्या गाडीकडे अशा नजरेने बघितलं की मेस्त्रींनी नुकतंच बसवलेलं इंजिन परत बंद पडावं.

आणि ते कानातलं मला माहीत होतं. आतोबांच्या गाडीच्या आधी आमच्या दुकानात वकिलीणबाईंची गाडी होती. तेव्हापासून त्या दर थोड्या दिवसांनी फोन करत होत्या की माझं मोत्याचं कानातलं सापडलं का. म्हणजे या पिंपात एक नाही, दोन गाड्यांचा कचरा होता. बोललो, तर सगळा पुरावा मातीत आणि मी पुन्हा चोर. नाही बोललो, तर मी सुटतो, पण आतोबा अडकतात. आम्हाला मांडीवर रचून फिरवणारे आतोबा. आणि ते तर बाजू मांडायलाही येऊ शकत नव्हते.

मी बोललो. सगळं सांगून टाकलं.

फौजदारकाका म्हणाले, मग हा पुरावा काही कामाचा नाही. ताईने कपाळाला हात लावला. मी मान खाली घालून बसलो. आत्या मात्र हसायला लागली. आधी गालात, मग स्टूल हलेपर्यंत. डोळे पुसत म्हणाली,

“बरं झालं बोललास. नाहीतर सबंध वाटेत त्यांच्याशी भांडत गेले असते.”

मी चाचरत विचारलं, म्हणजे तू जाणार? या गाडीतून?

“अरे, आत्ता मी चिडले कुणावर? या गाडीवर. परक्याच्या गाडीवर कुणी असं चिडतं का? आमचीच आहे ती.”

एवढं म्हणून ती उठली. या वेळी तिने दार दोन बोटांनी उघडलं, जपून बसली आणि मधोमध दोन्ही हातांनी सीट धरून राहिली. करडं बटण मुठीत होतं. ताईने लाल बूट रुमालात गुंडाळून छातीशी धरला आणि मग स्टिअरिंगवर बसली. गाडी निघाली. मी कोपऱ्यापर्यंत बघत होतो. ताई बरीच सावकाश चालवत होती. एक सायकलवाला तिला मागे टाकून गेला.

मी फोन केला तशा दुपारी वकिलीणबाई आल्या. मी कानातलं धुऊन, कापसात ठेवून त्यांच्या हातात दिलं. त्या हरखून गेल्या. मला देवमाणूस वगैरे म्हणाल्या. जाता जाता दारात थांबल्या.

“आणि हो, नातीच्या बाहुलीचा एक लाल बूट सापडला का हो? पोरगी रडून रडून घर डोक्यावर घेतेय.”

मी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, नाही बुवा. आमच्या पिंपात असलं काही नव्हतं.

आता मी बाजारात लाल बूट शोधत फिरतो आहे. एकेक बूट सुटा कुणी विकत नाही. जोडी घ्यावी लागते, आणि दुकानदार म्हणतो, बरोबर बाहुलीही घ्यावी लागेल.