दाजींचं माजघर

आमच्या थोरल्या दाजींशी गप्पा मारायला बसलात, तर बरोबर तीन मिनिटांनी ते तळहात वर करून तुम्हाला थांबवतील आणि विचारतील, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं काय?" हो म्हणालात तर पुढचं ऐकतील. गप्प राहिलात तर उठून कुंड्यांना पाणी घालायला जातील. यात अपमान वगैरे काही नाही. दाजींनी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात घालवली. कानाला हेडफोन लावून, दर तीन मिनिटांनी दोघांच्या मधे तोंड घालून, अख्ख्या कोल्हापूरला त्यांनी हा प्रश्न विचारला. ट्रंक कॉल गेले, दाजी रिटायर झाले, प्रश्न तेवढा राहिला. माझ्या लग्नात मंगलाष्टकं लांबली तेव्हा त्यांनी भटजींनाही विचारलं होतं. भटजी बिचारे घाबरून एका कडव्यात आटोपले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मी शाळामास्तर, राहायला मंगळवार पेठेत. दाजी राजारामपुरीत, आता एकटेच. मूलबाळ नाही. ते मला 'पावणं' म्हणतात. बायकोच्या भावाला आमच्याकडं पावणंच म्हणतात, आणि रस्त्यात पत्ता विचारणाऱ्या परक्या माणसालाही पावणंच म्हणतात. मी त्यातला कोणता, हे आक्का होती तोवर मला कधी शोधावं लागलं नाही.

आक्का जाऊन दोन वर्षं झाली. ती कशी गेली यापेक्षा तिला आपला आजार कसा कळला हे आधी सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्यातनंच झालं. तिचा रिपोर्ट आला तेव्हा दाजींनी तिला सांगितलं, साधी गाठ आहे. आम्हा बाकीच्यांना बजावलं की इतक्यात काही बोलू नका, मी सांगतो. रिपोर्ट माझ्याकडं दिला, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला. मी काय शहाणपणा केला, तर त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आक्कासाठी प्रार्थना करा, आणि कुणाच्या ओळखीचा चांगला डॉक्टर असेल तर कळवा.' आक्का त्या ग्रुपवर कधी एक अक्षर लिहायची नाही, नुसती बघायची. त्यामुळं ती ग्रुपमध्ये आहे हे मी साफ विसरलो होतो. दहा मिनिटांत हात जोडलेली चित्रं आली, 'धीर धरा' आलं. आक्कानं स्वयंपाकघरात चष्मा लावून स्वतःचा आजार वाचला.

दाजी त्यावर मला एक शब्द बोलले नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर मी पाया पडून मोकळा झालो असतो. ते बोलले नाहीत, मीही बोललो नाही, आणि चार महिन्यांनी आक्का गेली.

वर्षश्राद्ध झालं आणि दाजींनी मोहीम काढली. सगळं जग जे ॲप वापरतं त्याला ते 'चावडी' म्हणायला लागले. "चावडीवर बसून घरातलं बोलताय," असं म्हणून त्यांनी घरचा ग्रुप सोडला आणि आपल्याला घरच्यांसाठी माजघर पाहिजे असं जाहीर केलं. महिनाभर त्यांनी चार-पाच ॲप तपासली. त्यासाठी एक दोनशे पानी वही घातली. प्रत्येक ॲपला तीन प्रश्न: मालक कोण? तो ऐकतो काय? ऐकून ठेवतो काय? उत्तरं इंग्रजीत असायची, ती समजून घ्यायला ते शाळा सुटायच्या वेळी फाटकावर येऊन उभे राहायचे. मी शिकवतो मराठी. सही करण्यापुरतं इंग्रजी येणारा माणूस मी, पण दाजींसमोर अर्थ लावायचो. एका ॲपच्या नियमात काय लिहिलंय ते मला अजिबात कळलं नव्हतं, तर मी 'मालक चांगला माणूस दिसतो' असं सांगितलं. दाजींनी ते ॲप तिथल्या तिथं खोडलं. चांगला दिसणारा माणूसच चोरून ऐकतो, असा त्यांचा एक्स्चेंजच्या बोर्डवरचा अनुभव होता.

शेवटी एक ॲप पास झालं. मग आम्हा अकरा जणांना माजघरात ओढून नेणं सुरू झालं. दाजी एसटीनं आजऱ्याला गेले आणि आमच्या काकूंच्या फोनात ते बसवून आले. कुणाला ओळखता येणार नाही असा सहा आकडी पिन ठेवा, असं त्यांनी काकूंना तासभर समजावलं. काकूंना पटलं. त्यांनी पिन ठेवला, आणि विसरायला नको म्हणून काजूच्या डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून डबा फळीवर दर्शनी ठेवला. इचलकरंजीचे धाकटे दाजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, यांचा मागांचा कारखाना आहे. ते चोवीस तास खडखडाटात असतात, त्यामुळं बोलतात ते ओरडूनच. माजघरातसुद्धा ते ओरडूनच बोलणार, मग गुपित राहणार कसं, असं माझी बायको सुनंदा म्हणाली.

माजघराचे कायदे दोन. पहिला, मेसेज चोवीस तासांत आपोआप पुसला जाणार. दुसरा कायदा जरा अवघड होता. त्या ॲपमध्ये दोन माणसांच्या मधे एक साठ आकड्यांचा नंबर असतो. तो दोघांच्या फोनवर सारखाच दिसला, की समजायचं मधे कुणी तिसरा नाही. क्यूआर कोडच्या चौकटीचा फोटो काढूनही हे काम एका क्षणात होतं. दाजींना ते मान्य नव्हतं. फोनवरून आकडे वाचून दाखवलेलेही चालणार नव्हते. प्रत्येकानं त्यांच्या घरी यायचं, समोर बसायचं, आणि साठ आकडे तोंडानं म्हणून जुळवायचे. वहीत त्यांनी अकरा नावं लिहिली आणि प्रत्येकापुढं एक चौकोन आखला.

आम्ही सगळे हो म्हणालो. आणि मग आम्ही काय केलं, तर चावडीवरच राहिलो. बारशाचे फोटो चावडीवर, भांडणं चावडीवर, कोण कधी येणार ते चावडीवर. माजघरात रोज सकाळी दाजी एकटे लिहायचे, 'सर्वांस नमस्कार. लाईन बंद आहे. मोकळेपणी बोला.' लाईन बंद म्हणजे तिसऱ्याला ऐकू येत नाही. तरी कुणी बोलायचं नाही. दहा महिने हा माणूस रोज हे लिहीत होता.

सगळ्यात जास्त टिंगल मी करत होतो, हे कबूल केलं पाहिजे. स्टाफरूममध्ये दाजींची नक्कल करून चहा मिळवला आहे मी. बाकीच्यांना ते नुसते विक्षिप्त वाटायचे, मला मात्र त्यांचं 'लाईन बंद आहे' रोज सकाळी कानाखाली बसायचं. वाटायचं, हे मलाच उद्देशून आहे. माणसाला लाज वाटली की तो खाली मान घालतो म्हणतात. मी दात काढत होतो.

एका सोमवारी शाळेला निघता निघता माजघरात दाजींचा तोच मेसेज आला. मी तो त्याच ॲपवरनं धाकट्या दाजींना पुढं पाठवला आणि सोबत लिहिलं. काय लिहिलं ते शब्द न बदलता देतो: 'थोरल्या दाजींचं डोकं फिरलंय. आक्का होती तोवर ठीक होतं, आता हे नातं किती दिवस ओढायचं? बसू देत एकटेच माजघरात.'

आमच्या फोनात माणसं नावानं नसतात, नात्यानं असतात. माझ्याकडं दोघंही 'दाजी' आहेत. ओळखायला म्हणून धाकट्यांच्या पुढं एक टिंब दिलंय. घाईत टिंब कोण बघतो.

दुसऱ्या तासाला वर्गात फळ्यावर लिहिताना मला ते टिंब आठवलं. पोरांना धडा वाचायला सांगून मी फोन काढला. मेसेज थोरल्या दाजींना गेला होता. घाईघाईनं मी तो पुसला आणि मधल्या सुट्टीत सुनंदाला फोन करून सगळं सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं की दोघांकडचा पुसला का फक्त आपल्याकडचा. मी म्हटलं, पुसा म्हणून आलं, मी पुसला. त्यावर ती म्हणाली की मग आता तो फक्त दाजींच्याकडं आहे.

दिवसभर मी एकच देव पाण्यात घातला होता, की दाजींनी आज फोन बघू नये. चोवीस तास गेले की आपोआप पुसलं जाईल. ज्या कायद्याची वर्षभर टिंगल केली त्याचाच आधार घेऊन बसलो होतो. पण रोज सकाळी उत्तराची वाट बघणारा माणूस फोन बघणार नाही, ही आशा किती खुळी आहे हे मलाही कळत होतं. शाळा सुटल्यावर सरळ राजारामपुरीला गेलो. काय बोलणार होतो, माहीत नाही. दार उघडल्यावर तोंडातनं निघालं, "दाजी, आकडे जुळवायला आलोय."

दाजींनी आधी माझ्या मागं बघितलं, आणखी कोण आलंय का म्हणून. मग खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली, खुर्ची पंच्यानं पुसली, चहा टाकला, बशीत खारी काढली. खारी ताजी होती. एकटा माणूस एवढी खारी का आणून ठेवतो, हे मी विचारलं नाही. चष्मा पुसून त्यांनी वही उघडली. अकरा नावं, अकरा चौकोन, सगळे रिकामे. तेराव्यानंतर या घरात मी पहिल्यांदाच बसत होतो. वर्षश्राद्धालासुद्धा पान उरकून शाळेचं कारण सांगून पळालो होतो.

दाजी पाच-पाच आकडे म्हणत होते, मी माझ्या फोनवर बघून 'बरोबर' म्हणत होतो. त्यांचा आवाज बोर्डवरचा झाला होता, स्वच्छ, एकेक आकडा सुटा. तिसऱ्या ओळीला माझ्याच्यानं राहवेना. मी म्हटलं, "दाजी, सकाळी माझ्याकडनं एक मेसेज..."

"आला. वाचला," दाजी म्हणाले. "ऑपरेटरला सगळं ऐकू येतंय, पावणं. ऐकलेलं बोलायचं न्हाय, एवढीच नोकरी."

मग त्यांनीच माझी सुटका करायची म्हणून एक गोष्ट सांगितली. त्यांचं आणि आक्काचं लग्न जमत होतं तेव्हा माझ्या वडिलांनी मुंबईच्या काकांना ट्रंक कॉल लावला होता. बोर्डवर दाजीच होते. वडील म्हणाले, पोरगा सरळ आहे, पण जरा येडपट दिसतोय. तीन मिनिटं झाल्यावर दाजींनी मधे विचारलं, वाढवायचं काय. वडील म्हणाले वाढवा, आणि पुढची तीन मिनिटं दाजी किती येडपट आहेत तेच बोलले. हे सांगून दाजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आक्कालाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

मला हसू आलं नाही. म्हणजे आमच्या घरात या माणसाबद्दल काय बोलतात हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी तो आमच्या प्रत्येक कार्याला सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या घालत होता. मी म्हटलं, "आणि तो फोटो. रिपोर्टचा. तो मी टाकला होता, दाजी. त्याबद्दल मी कधी..."

दाजींनी फोन मांडीवर ठेवला.

"फोटो कुणी टाकला ते तवाच दिसलं की, नाव येतंय तिथं," ते म्हणाले. "पर खोटं मी बोललतो तिला. रोज ठरवत हुतो, आज सांगतो, उद्या सांगतो. तोंड उघडंना. तिनं तुमच्या फोटोतनं वाचलं आणि मला एवढंच विचारलं, तुमी का सांगितलं न्हाईसा? तुमच्यावर कशाला रागवू मी? घरातलं घरातल्या माणसानं समोर बसून सांगावं, एवढंच माझं म्हणणं हाय."

वर्षभर मी समजत होतो की हा माणूस मला बोल लावतोय. तो स्वतःलाच लावत होता, आणि आम्ही हसत होतो. मला इतकी शरम वाटली की मान वर करवेना. दाजींनी ते बघितलं असावं, कारण त्यांनी फोन उचलून पुढचे आकडे म्हणायला सुरुवात केली. मी 'बरोबर, बरोबर' म्हणत गेलो. शेवटचे पाच झाले. दाजींनी पेन्सिल उचलली, माझ्या नावापुढच्या चौकोनावर नेली, आणि तिथंच थांबवली.

"न्हाय जुळत," ते म्हणाले. "एक आकडा चुकतोय कुठंतरी. उद्या परत बघायला लागंल. यायला जमंल न्हवं?"

त्यांचा फोन माझ्याकडं कलला होता. मी वरपासनं खालपर्यंत बघितलं. साठच्या साठ आकडे तेच होते.

"जमेल की," मी म्हटलं. "शाळा सुटली की येतो."

दुसऱ्या दिवशी गेलो. जुळले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. काल सुनंदाला बरोबर घेऊन गेलो. तिचेही जुळले नाहीत.