गाऱ्हाण्यातला खेकडा

माझ्या नव्या स्कूटरपुढे नारळ वाढवायचा होता, म्हणून गाऱ्हाणं घालायला शेजारच्या दाजींना बोलावलं. दाजींनी डोळे मिटले, नारळ उचलला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, आमच्या गिधाडांची राखण कर!"

मागच्या सीटवर बसणारी माझी बायको माझ्याकडे बघू लागली. पण गाऱ्हाणं घातलं की बाकीच्यांनी होकार भरायचाच असतो. आम्ही ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

लग्न असो, जत्रा असो, दाजी आधी संपत चाललेले प्राणी देवाच्या हवाली करतात. गिधाडं, समुद्रातली कासवं, खवल्या मांजर, करवतीच्या तोंडाचा मासा. कुणी कुरकुरलं तर म्हणतात, "जनावरां आधी! माणसां खंय संपतली?" तोवर पानावरचा भात गार होतो आणि मी भुकेपोटी एका प्राण्याला दोनदा होकार देऊन बसतो.

शेवटी ते काहीतरी तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. आम्ही त्यालाही "व्हय म्हाराजा!" करतो. हा प्राणी कुठला, याचा खुलासा वाडीला मीच करून टाकला होता. "खाडीतला निळा खेकडा! एकच नांगी. पार संपत आलाय." मला खेकडा कळतो तो ताटातला, पण माझा आवाज भारी, त्यामुळे पटलं सगळ्यांना. दोघांनी तर तो पाहिल्याचंही सांगितलं.

यंदा जत्रेला दाजींचा घसा बसला. मला पुढे ढकलत घोगरेपणानं म्हणाले, "तू घाल रे मेल्या. तुझो आवाज एकदा तरी कामाक येवंदे."

ते कानात सांगत होते, मी गरजत होतो. दशावतारातला राजा अंगात शिरल्यासारखी मी कासवं वाचवली, गिधाडं वाचवली. मग हळूच म्हटलं, "दाजी, आता तो खेकडा."

"खंयचो खेकडो?" दाजी आणखी जवळ सरकले. "म्हण, आमच्या सुरेशाक एकदा घराक येवची बुद्धी दी."

सुरेश त्यांचा मुलगा. गोव्यात असतो. सकाळी निघाला तर जेवायला पोचेल. आईच्या बाराव्यानंतर आलेला नाही.

माझा तो भारी आवाज कुठे गेला, कोण जाणे. मीही पुटपुटलोच.

मागे अख्खी वाडी त्या खेकड्यासाठी जीव तोडून ओरडली, "व्हय म्हाराजा!"