जॉर्डनचं प्रकरण

नारायणगुड्याला मुलगी बघायला जाताना इंदुताईंनी रिक्षातच मुलाला बजावलं, "तिथं जाऊन ते बॉलचं सुरू करू नकोस. नोकरीचं विचारलं तर नोकरीचं सांग. आवड विचारली तर वाचन म्हण."

"मी वाचतो कुठं, आई?"

"पेपर वाचतोस ना? झालं तर."

"पेपर पण मागल्या पानावरूनच उघडतो की तो," अप्पाराव पुढच्या रस्त्याकडे बघत म्हणाले.

अप्पाराव उदगीरकरांचं दिलसुखनगरला पंपसेटचं दुकान होतं. श्रीकांत त्यांचा एकुलता एक मुलगा, अमीरपेटच्या एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. मुलगा सरळ होता, पण देशात बाहेरच्या कंपन्या आणि बाहेरची शीतपेयं आली त्याच लाटेत उदगीरकरांच्या घरी केबल आली आणि केबलमधून मायकेल जॉर्डन आला. दुधाची पिशवी यायच्या आधी श्रीकांत उठून टीव्हीपुढे बसायला लागला. त्याच्या मते बास्केटबॉलमध्ये जॉर्डनसारखा खेळाडू झाला नव्हता आणि होणार नव्हता. हे मत तो ऑफिसात, इराण्याकडे आणि एकदा तर दाढ काढताना डॉक्टरांपुढेही, तोंडात बोळा असताना, मांडून आला होता. आधीची दोन स्थळं याच पायी गेली अशी इंदुताईंची पक्की समजूत होती.

लिमयांचं घर नीटनेटकं होतं. सुधीर लिमये औषधांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, पुण्याहून बदली होऊन आलेले. बोलणं मोजकं, चहाचे कपही मोजकेच भरलेले. मुलगी अनुराधा अबिड्सच्या बँकेत होती. ती समोर येऊन बसली आणि श्रीकांतला पहिल्यांदाच वाटलं, की आपण आज खरोखर वाचन म्हणावं.

"तुम्ही दोघं गॅलरीत बसून बोला ना," सुधीरराव म्हणाले. "आम्ही इथं आहोतच."

गॅलरीला लागून स्वयंपाकघराची खिडकी होती. आत अनुराधाची आई, अलकाताई, वड्यांसाठी खोबऱ्याची चटणी वाटत होत्या.

"तुम्हाला आवड कशाची?" अनुराधानं विचारलं.

"वाचन," श्रीकांत म्हणाला. मग त्याला तिच्या हाताची बोटं दिसली. दोन बोटं सांध्यापाशी जराशी वाकडी होती. "हे काय झालं?"

"बॉल लागून. पुण्यात कॉलेजच्या टीमकडून खेळायचे. बास्केटबॉल."

इंदुताईंची सगळी शिकवण त्या क्षणी गॅलरीतून खाली पडली. श्रीकांतनं खुर्ची पुढे ओढली आणि जॉर्डन काढला. अनुराधानं तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "मॅजिक जॉन्सन त्याच्यापेक्षा मोठा."

इथून पुढे वाद रंगला, आणि आत अलकाताईंचा मिक्सर चालू-बंद होऊ लागला. तो चालू असला की त्यांना काही ऐकू येत नव्हतं. थांबला की एखादं वाक्य खिडकीतून थेट भांड्यात पडावं तसं स्वच्छ येत होतं.

"जॉर्डनला मी कधीच सोडू शकत नाही," मुलगा म्हणत होता.

अलकाताईंनी दचकून बटण दाबलं. घर्रर्र. मग धीर करून थांबवलं.

"रोज पहाटे उठून जॉर्डनकडेच तर असतो मी."

घर्रर्र.

"आज ना उद्या तुमची ओळख करून देईन, मग तुम्हीच म्हणाल, जॉर्डनसारखं दुसरं कोणी नाही."

चटणीचं पार पाणी झालं तेव्हा अलकाताईंनी मिक्सर बंद केला. सिकंदराबादला रेल्वेतली कितीतरी ख्रिश्चन कुटुंबं राहतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यातल्याच कुण्या जॉर्डनांची ही मुलगी असणार. आणि हा निर्लज्ज मुलगा आपल्या मुलीपुढे ते उघड सांगतो आहे, वर ओळख करून देणार म्हणतो.

घरी जाताना श्रीकांत तरंगत होता. "हीच," तो आईला म्हणाला. "दुसरी नक्को आता."

दोन दिवसांनी लिमयांचा फोन आला. पत्रिका पुन्हा बघितली, नाडीचा दोष निघाला, क्षमस्व.

"नाडीचं आधी कळलं नव्हतं काय?" अप्पाराव फोन ठेवून म्हणाले. "काय की बा, पुण्याची माणसं."

श्रीकांतला मात्र नाडी पटली नाही. त्यानं गॅलरीतला प्रत्येक शब्द आठवून बघितला. मॅजिकला डिफेन्स येत नाही असं आपण म्हणालो होतो आणि ती जराशी गप्प झाली होती. तिथंच बिनसलं. दिवसभर ऑफिसात त्याचं कशात लक्ष लागेना. आपण जॉर्डनपायी सोन्यासारखी मुलगी घालवली, हे त्याला पटत गेलं, आणि संध्याकाळी त्यानं आयुष्यातला सगळ्यांत अवघड निर्णय घेतला. कोपऱ्यावरच्या पीसीओत जाऊन काचेचं दार लावून घेतलं आणि लिमयांचा नंबर फिरवला.

फोन अलकाताईंनी उचलला. अनुराधा बँकेतून आली नव्हती.

"काकू, मी श्रीकांत. नाडीचं नाही हे, मला माहीत आहे. जॉर्डनमुळं नकार आलाय ना?"

"आता तुम्हीच विषय काढलात म्हणून सांगते. हो, जॉर्डनमुळंच."

"मग तिला एवढंच सांगा, मी जॉर्डनला सोडलं."

"असं एकदम?"

"एकदम जड जाईल, काकू. कॉलेजपासूनचं आहे. पण हळूहळू सुटेल. खोलीत मोठा फोटो लावलाय पलंगासमोर, तो आजच काढतो."

"खोलीत फोटो? आणि तुमच्या घरी चालतं हे?"

"आईला आवडत नाही. ती म्हणते, लग्न झालं की सुटेल. बाबा आधी ओरडायचे, आता ते पण कधीमधी येऊन बसतात माझ्याशेजारी."

"वडीलही?" अलकाताईंचा आवाज बारीक झाला.

"हौ. चहा घेऊन."

अलकाताईंनी फोन ठेवला आणि खाली बसल्या. नवरा आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. सुधीरराव हे शांत गृहस्थ होते, पण सुनेला अंधारात ठेवून लग्न लावू बघणारे आईबाप त्यांना सहन होईनात. उद्या दुसऱ्या कुणाची मुलगी फसेल. रविवारी सकाळी दोघं रिक्षानं दिलसुखनगरला गेले. अनुराधाला काही सांगितलं नाही.

अप्पारावांनी मोठ्या आनंदानं दार उघडलं. पाहुण्यांचे चेहरे बघून तो आनंद दारातच थांबला.

"आम्ही बसायला आलो नाही," सुधीरराव उभ्यानंच म्हणाले. "जॉर्डनचं प्रकरण तुम्हाला माहीत असून तुम्ही आमच्या घरी आलात, हे बरोबर झालं नाही."

इंदुताईंनी कपाळाला हात लावला. "काढलं ना यानं तिथं? मी रिक्षातच सांगितलं होतं, नाव काढू नकोस म्हणून."

"म्हणजे लपवायचंच होतं," अलकाताई म्हणाल्या.

"लपवू नको तर काय करू? दोन स्थळं गेली त्याच्यापायी. पण मुलगा वाईट नाही हो आमचा. सकाळचं तेवढं बघतो, नंतर दिवसभर कामात असतो."

"सकाळी ती येते इथं?"

"ती कोण?"

"जॉर्डन."

इंदुताईंनी अलकाताईंकडे नीट बघितलं. मग त्यांचा हात धरून त्यांना श्रीकांतच्या खोलीत नेलं. श्रीकांत भिंतीवरचा फोटो काढायला स्टुलावर चढला होता. चार दिवस तो रोज चढत होता आणि एक टाचणी काढून उतरत होता. आज फोटोचा एक कोपरा लोंबत होता आणि त्यातून सहा फुटांहून उंच, टक्कल केलेला, घामानं निथळणारा एक काळा माणूस जीभ बाहेर काढून अलकाताईंच्या अंगावर उडी घेत होता.

"हा," इंदुताई म्हणाल्या. "हा आमचा जॉर्डन."

अलकाताई पलंगावर बसल्या आणि हसू लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाहेर सुधीररावांना अप्पाराव विचारत होते, "मग नाडीचं काय करता?" आणि दारातून फोटो बघितलेले सुधीरराव चष्मा पुसत म्हणाले, "ती जुळली बहुतेक."

इथं सगळं सुखानं संपायला हरकत नव्हती. पण घरी येऊन अलकाताईंनी मुलीला सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी कौतुकानं म्हणाल्या, "तुझ्यासाठी त्यानं जॉर्डनसुद्धा सोडला गं."

अनुराधाचं हसू तिथंच थांबलं. "सोडला? एका फोनवर?"

तिनं लगेच दिलसुखनगरला फोन लावला. "एवढ्यात मत बदलणाऱ्या माणसाशी मी लग्न नाही करणार. उद्या आणखी कुणी रागावलं तर मला सोडाल."

श्रीकांत हळूच म्हणाला, "खरं सांगू? बिल्कुल बदललं नाही. तोंडानं म्हटलं फक्त. मॅजिकला डिफेन्स येत नाही."

"आता कसं," ती म्हणाली. "आणि जॉर्डनला पास देता येत नाही."

फोन बराच वेळ चालला. अप्पारावांना पंपाच्या एका गिऱ्हाइकाशी बोलायचं होतं, ते राहूनच गेलं.

पुढं लग्न झालं, तारनाक्याच्या एका कार्यालयात. जेवणाच्या पंक्तीत, घास भरवायच्या वेळी, बायकांनी नाव घ्या म्हणून नवरीला घेरलं. अनुराधानं जिलबीचा तुकडा उचलला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली,

"बॉलला लागते बास्केट, बास्केटला लागते जाळी,
जॉर्डनच मोठा म्हणते मी, श्रीकांतरावांचं नाव घेते जेवणाच्या वेळी."

बायकांना पहिली ओळ कळली नाही, तरी टाळ्या पडल्या. श्रीकांतचा चेहरा मात्र पडला. कारण चार दिवस खपून त्यानंही एक नाव जुळवलं होतं आणि आता ऐन वेळी दुसरं सुचणं शक्य नव्हतं. त्यानं घास उचलला आणि घोगऱ्या आवाजात म्हटलं,

"पास द्यावा मॅजिकनं, बाकीच्यांनी बघावं,
तोच सगळ्यांत मोठा, अनुराधा म्हणेल तसं जगावं."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"मी तुमच्यासाठी म्हटलं," अनुराधा म्हणाली.

"मी तुझ्यासाठी."

"मग आता?"

"आता मागं कसं घ्यायचं? सगळ्यांनी ऐकलंय."

अनुराधानं थोडा विचार केला. मग पदर सावरून ती त्याच्याकडे वळली. "बरं. मग मला सांगा, तुमच्या त्या मॅजिकला डिफेन्स कुठं येत होता?"

"कोण म्हणतं येत नव्हता?" श्रीकांत पाट पुढं सरकवून बसला.

दोघांच्या हातातले घास हातातच राहिले. पंक्तीतली माणसं नवरा-नवरीच्या पहिल्या घासासाठी थांबली होती, आणि वाढपी भाताची परात घेऊन उभाच होता. शेवटी अप्पाराव व्याह्यांकडे झुकले.

"चला, आपण सुरू करू," ते म्हणाले. "हे काय आता आटपत नाही."