चवथ्या दिवसाचा घोट

श्रीहरीभाऊची जीभ म्हंजे वडसा बाजारातला सगळ्यात खरा काटा, असं श्रीहरीभाऊच सांगे. दुसरं कोनी सांगत नव्हतं. तांदळाचा एक कच्चा दाना दाताखाली फोडला का तांदूळ नवा का जुना, धान कोन्या वावराच्या बांधीतलं, सारं सांगून टाके. बरोबर किती निघे ते कोनी तपासलं नाई, कारन निकाल देऊन तो लगेच निघून जाये. त्याच्या बायकोले, रुखमाबाईले, या जिभेचं भल्लं हसू येये. तिनं एकडाव वरनात मीठच टाकलं नव्हतं, तं भाऊनं दोन वाट्या वरपल्या अन् "आज जमलं" म्हने.

भाऊच्या बहिनीचा, दुर्गाबाईचा पोरगा प्रफुल पोर्तुगालले वाईनच्या गोदामात पिंपं धुवाच्या कामाले. दिवाळीच्या सुट्टीत आला तं मामासाठी एक बाटली घेऊन आला. पोर्ट. आपल्याकडं बाळंतिनीले ताकदीसाठी चमचाभर देते ते गोडमिट्ट नाई, अस्सल. द्राक्षाचा हंगाम चांगला, पन माल अजून कवळा. प्रफुलनं समजावून सांगतलं का हे वीस वर्षं झाकून ठेवाची चीज आहे. आत्ता फोडली तं पयल्या दिवशी जीभ आखडवते, दुसऱ्या दिवशी रुसून बसते, अन् हवा लागली का मंग तिसऱ्या-चवथ्या दिवशी खुलते. फोडाचीच असन तं रोज दोन घोट घ्या अन् फरक पाहा.

"वीस वर्षं थांबाले मी काय सागाचं झाड आहो?" भाऊ म्हने. "चार दिवसांत निकाल देतो."

अडचन एकच होती. भाऊचं गाव वैनगंगेच्या अल्याड, गडचिरोली जिल्ह्यात, म्हंजे दारूबंदीत. बहीन पल्याड, चंद्रपूर जिल्ह्यात, तिथी बंदी उठलेली. त्यात शनिवारी ग्रामसभा, अन् तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष निवडाचा होता. त्या खुर्चीसाठी भाऊ तीन वर्षांपासून गावातलं एक बारसं सोडत नव्हता, एक तेरवी चुकवत नव्हता. अन् रुखमाबाई कोन? बायाईच्या दारूबंदी समितीतली. मोहाचे मडके तिनं आपल्या हातानं फोडलेले.

म्हनून बाटली राह्यली दुर्गाबाईच्या घरी. बुधवारपासून भाऊ रोज सकाऊन मोटरसायकल काढे, पूल ओलांडे, दोन घोट घेये, बडीशेप चावत वापस येये, अन् धानाचा सौदा पाहून आलो म्हने. एवढी मेहनत त्यानं धान कापाले कधी केली नव्हती. भाऊ काहीतरी बेअक्कलपना करून राह्यला हे रुखमाबाईनं पयल्याच दिवशी ओळखलं. कोनता, तेवढं समजाचं बाकी होतं.

शनिवारी सभा अकराले. भाऊ आठले दुर्गाबाईकडं हजर. दोन घोट घेतले. बाटली खुलली होती, भाऊबी खुलला. भाऊचे घोट मोठे, म्हनून उरली होती पावच बाटली, तीबी गेली. बुडाशी काळा-जांभळा गाळ होता. तो ठेवून द्या, प्रफुल म्हने. पन सारं सत्त्व बुडाशीच राह्यते, हे भाऊचं ज्ञान. वाटीत काढून बोटानं चाटून खाल्ला. उपाशी पोटी. शेवटी प्रफुलनंच त्याले गाडीवर बसवून गावाच्या शिवेवर आनून सोडलं, अन् कोनाले दिसू नये म्हनून कापलेल्या बांध्यांतून, धसकटं तुडवत, भाऊ सभेले निघाला.

सभा शाळेच्या पडवीत होती. भाऊ भाषनाले उभा झाला. "गावकरी मंडळी" म्हनासाठी त्यानं तोंड उघडलं, अन् समोरची रांग मांगं सरकली. दात जांभळे. ओठ जांभळे. जीभ तं भरताच्या वांग्यासारखी. पापन्या अर्ध्यावर आलेल्या, अन् "मंडळी"चा तोंडातच चिखल झालेला. पोटरीवर धसकटाचे दोन ओरखडे, त्यातून रक्त.

रोशनी म्हंजे गावची आशा सेविका. ट्रेनिंगमधी शिकली होती: पापनी पडते, जीभ जड होते.

"भाऊले मन्यार साप डसला!" ती वरडली.

रुखमाबाई धावत गेली, वाकली, अन् तिले वास आला. पूल, बडीशेप, सौदा, सारं एका दमात समजलं. तिनं भाऊकडं पाह्यलं. भाऊनं तिच्याकडं पाह्यलं. साप म्हनावं तं दवाखाना. नाई म्हनावं तं दारू, अन् खुर्ची गेली. भाऊनं डोळे मिटले अन् साप निवडला.

रुखमाबाईनंबी सापच धरून ठेवला. दारूबंदीवालीचा नवरा भर सभेत पेऊन आला, हे आपल्याच तोंडानं कोन सांगन?

डोमाजी, नदीवर मासे धरनारा म्हातारा, म्हने आंधी निंबाचा पाला चावाले द्या. विष चढलं असन तं पाला कडू लागत नाई, हे गावात साऱ्याईले माहीत. पाला आनाले रुखमाबाई सवता गेली. चार पानं पुरली असती. ती अख्खी फांदी घेऊन आली.

"सांगा, कसं लागते?"

भाऊच्या डोळ्यात टचकन पानी आलं. "गोड," तो म्हने.

"गोड? मंग घ्या आनखी."

दुसऱ्या मुठीलेबी गोडच. तिसऱ्या मुठीले भाऊनं नुसती मान हलवली. उभ्या संसारात रुखमाबाईनं त्याले इतक्या प्रेमानं भरवलं नव्हतं. पाहून बाया पदरानं डोळे पुसाले लागल्या.

दवाखान्यासाठी आधार कार्ड पाहिजे म्हनून रोशनीनं भाऊच्या खिशात हात घातला, तं हाती छोटी वही आली. भाऊनं रोजची चव लिहून ठेवली होती. कोनाच्या हाती लागली तं पंचाईत, म्हनून बाटलीचं नाव तेवढं कुठी लिहिलं नव्हतं. रोशनी मोठ्यानं वाचाले लागली.

"बुधवार. जीभ आखडली. हिरड्या ओढल्या गेल्या. छातीत जाळ. गुरुवार. काहीच लागत नाई, सारं बंद. शुक्रवार. जीभ सैल पडली. आज बरं वाटून राह्यलं. उद्या शेवट."

मानसंबी हळहळली. म्हंजे साप बुधवारीच डसला, अन् हा मानूस चार दिवस एकटा मरनाची तयारी करून राह्यला होता!

ॲम्बुलन्स आली. दवाखान्यातला डॉक्टर जवान पोरगा, भाऊच्या तोंडापाशी वाकला अन् हसत सरळ झाला. त्यानं रुखमाबाईले बाजूले घेऊन सांगतलं, साप-बिप काही नाई. पन खिडकीत अर्धं गाव उभं होतं, म्हनून उद्यापावतर ठेवून घेतो म्हने. रुखमाबाईनं एवढंच विचारलं का सलाईनची सुई यापेक्षा जाड भेटते का.

भाऊ रातभर खुशीत. बाया रडल्या, मानसं हळहळली, आता खुर्ची कुठी जाते?

दुसऱ्या दिवशी डोमाजी भेटाले आला. खाटेपाशी बसला, तब्येत विचारली, अन् सांगतलं का त्याले नेल्यावर सभा परत बसली, अन् बायाईच्या समितीतली कुंताबाई अध्यक्ष झाली.

"काऊन?" भाऊ म्हने. "बाया तं माझ्यासाठी रडत होत्या न?"

"रडल्या न. पन मंग लोकाईनं इचार केला," डोमाजी म्हने. "याले साप डसला, तं हा दवाखान्यात गेला नाई, कोनाले बोलला नाई, चार दिवस वहीत लिहित बसला. याच्याकडं तंटा नेला तं इकडं डोस्के फुटतीन, अन् हा लिहून ठेवन, आज बरं वाटून राह्यलं."

भाऊ ताडकन उठून बसला. साप नव्हताच, हे सांगाले त्यानं तोंड उघडलं. दारात रुखमाबाई चहाचा कप घेऊन उभी होती. तोंड तसंच उघडं राह्यलं.

डोमाजीनं त्या उघड्या तोंडात डोकावून पाह्यलं. "रुखमाबाई," तो म्हने, "जीभ जडच आहे अजून. आनखी दोन दिवस ठेवा."