खिडकीतलं पहिलं ताट

पोटोबाच्या खानावळीला पाटीची गरज नव्हती. रोज दुपारी रांधून झालं की पहिलं ताट तो स्वतः खिडकीपाशी बसून, रस्त्याकडे तोंड करून, चवीचवीने जेवायचा. टेबलाला आधी पोट येऊन टेकायचं, मागून तो. येणारेजाणारे ते पोट बघायचे आणि मुकाट आत शिरायचे.

मग गुडघ्यांनी संप केला. वजन उतरावं म्हणून डॉक्टरांनी त्याच्या जठराचा मोठा भाग कापून काढला. "कुणाला कळणारसुद्धा नाही बघ," असं पोटोबाने बायकोला छातीठोक सांगितलं होतं. पण पोट उतरलं, गाल बसले, विजारीला दोरी आली. खिडकीत बसून चार घास झाले की आतून दार बंद! पुढचा घास घेतला तर दरदरून घाम. तो भरलं ताट बाजूला सारायचा आणि काचेपलीकडचे लोक एकमेकांकडे बघायचे.

पहिले फुटले ते निवृत्त मास्तर. आचाऱ्यालाच स्वतःचं अन्न जात नाही, तर आपण कशाला जिवावर उदार व्हायचं, असं ते नाक्यावर म्हणाले आणि त्यांच्यामागे अर्धी खानावळ उठली. बायको म्हणाली, सरळ ऑपरेशनचं सांगून टाका. पोटोबा उखडला. "म्हणजे लोक म्हणतील, स्वतःचंच खाऊन बिचाऱ्याचं पोट कापायची वेळ आली!"

असंच चाललं असतं तर महिन्याभरात चुली विझल्या असत्या. शेवटी बायकोने घरातली जाड उशी उसवली, आतून जुन्या रेनकोटचं अस्तर लावलं आणि वर गळ्यापाशी तोंड ठेवलं. सदऱ्याआड बांधली की अस्सल पोट. घास तोंडापर्यंत न्यायचा आणि रुमालाच्या आडून सदऱ्यात सोडायचा, बस्स. रस्सा कढत असायचा. अस्तरातून चटका बसला की पोटोबा डोळे मिटून "हाय हाय" करायचा आणि लोकांना वाटायचं, काय चव लागली असेल! आठवड्यात मास्तर परत आले.

आणि नेमके त्याच दुपारी डॉक्टर आले. एकटे नाही, चांगली तीन वजनदार माणसं घेऊन. ऑपरेशनला कचरणाऱ्या त्या तिघांना आपला यशस्वी पेशंट दाखवायचा होता. पोटोबाच्या बायकोने सवयीप्रमाणे तिघांपुढे ताटं ठेवली. डॉक्टर खिडकीकडे वळले आणि जागीच थिजले. पेशंट ऑपरेशनच्या आधीपेक्षा जाडा! वर पातेलंभर बटाट्याचा रस्सा चेपून बसलेला.

पोटोबाच्या पोटात गोळा आला, म्हणजे जेवढं उरलं होतं तेवढ्यात. खरं सांगावं तर गिऱ्हाईक जाणार, न सांगावं तर ज्याने गुडघे वाचवले त्या माणसाची अब्रू जाणार. तो नुसता हसला. डॉक्टरांनी हात पुढे करून पोट दाबलं.

"गरम लागतंय," ते पांढरेफटक पडले. "आत फुटलंय काहीतरी. झोपा!"

पोटोबा नको नको म्हणत असताना त्यांनी त्याला टेबलावर आडवं केलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. शिवण गेली. बेंबीच्या जागेवरून रस्सा उसळला आणि त्यामागून एक, दुसरा, तिसरा, अख्खे बटाटे घरंगळत मास्तरांच्या पायाशी गेले.

डॉक्टरांनी त्यातला एक उचलून निरखला. "चावून खा म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला?"

आता लपवायला काही उरलंच नव्हतं. पोटोबाने सदरा वर केला, ठिबकणारी उशी सोडली आणि आपलं सपाट पोट सगळ्यांना दाखवलं. रडवेला होऊन तो म्हणाला, "ऑपरेशन झालंय हो माझं. जेवण चांगलंच आहे, मलाच जात नाही."

मास्तरांनी टोपी घातली. आपल्याला उशी दाखवून जेवायला बसवलं, हे त्यांना फार लागलं. ते दारापर्यंत पोचले, एवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"वहिनी, रस्सा आहे का अजून?"

डॉक्टरांची तिन्ही माणसं पावाने ताटं पुसत होती. समोर एवढा गोंधळ झाला, पण एकाचीही मान वर झाली नव्हती. मास्तरांनी ती तीन पोटं नीट पाहिली. मग टोपी काढली आणि परत येऊन बसले.

आता खिडकीत ते तिघं बसतात. ऑपरेशनचं विचारलं तर म्हणतात, पुढच्या महिन्यात बघू. पोटोबा चार घास खातो आणि बिनघोर वाढत फिरतो. डॉक्टर बिचारे रोज दुपारी तिघांची समजूत घालायला येतात. नुसतं कसं बसायचं, म्हणून एक ताट घेतात. अलीकडे त्यांच्या कोटाची खालची बटणं लागत नाहीत.

परवा दुसऱ्यांदा रस्सा वाढताना पोटोबा त्यांच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "डॉक्टर, जरा चावून खा."