कांचघरच्या गच्चीवरील वृश्चिकाची मोहीम

जबलपूर मुक्कामी, कांचघर प्रांती, ज्येष्ठ मासी वद्यपक्षी एका गच्चीवर जे तुंबळ रण माजले, त्याची हकीकत घडली तशी सादर केली असे.

कारखान्याचे सुपरवायझर, दुर्बीणबहादर राजश्री रत्नाकरराव यांच्या मातोश्री भागीरथाबाई. मोतीबिंदू काढविल्यावर आईसाहेबांचे फर्मान सुटले की, भंडाऱ्याकडे शेतात मालक, म्हणजे रत्नाकररावांचे तीर्थरूप, दाखवीत तो आभाळातला इच्चू मरणाआधी एकवार पाहणे आहे. मग रावसाहेबांनी मसलत करून छोटी दुर्बीण पैदा केली, आणि आज वृश्चिक रास सर करितो ऐसा डंका आळीभर पिटला, आणि जेवणे उरकून सहकुटुंब गच्चीवर मोर्चे बांधिले.

तो गनीम उभा ठाकला. समोरच्या गच्चीवर तुळशीराम भैयांनी थोर दिवा लाविला होता, त्याच्या उजेडी अवघे तारांगण नामोहरम जाहले. दिवा तात्काळ मालवावा ऐसा रावसाहेबांनी हुकूम केला. जबाब आला, "चोर आए तो तुम्हारी दूरबीन पकड़ेगी क्या?"

 परंतु रावसाहेबांनी माघार घ्यावी कैसी, म्हणोन दुर्बिणीत डोळा खुपसून त्यांनी एक तांबडा ठिपका गाठिला आणि वृश्चिकाचे काळीज ती ज्येष्ठा तारा काबीज जाहली ऐसे पुकारिले. कुटुंब प्रतिमाबाईंनी डोळा लाविला आणि म्हणाल्या, "अहो, हा टॉवरचा लाइट आहे."  रावसाहेबांस आईदेखत ही फजिती सोसवेना.

तेव्हा आईसाहेब कठड्याशी गेल्या. "तुळशीराम, अकेला काहून बैठा? आजा, बिच्छू देखेंगे."

"आया, अम्माजी!" म्हणोन गनिमाने दिवा मालविला, आणि स्वतःची खुर्ची डोईवर घेऊन दाखल जाहला.

मग अंधार पडला. रावसाहेब दुर्बिणीचे पेच पिळीतच होते. आईसाहेबांनी दुर्बीण बाजूस सारिली, नुसत्या डोळ्यांनी दक्षिणेस पाहिले, आणि तांबडे काळीज, वाकडी नांगी, अवघा इच्चू सापडला. मग लेकाची हनुवटी धरून त्यांनी वर केली. "तिथी काय पाहून राहिला? इथी पाह्य. तुहे बाबा आधी नांगी दाखवत."

रावसाहेबांनी पाहिले, आणि नांगीपासून काळजापर्यंत अवघा इच्चू बोटाने गिरविला.

येणेप्रमाणे दुर्बिणीने तसूभर कामगिरी केली नाही, शत्रू खुर्ची टाकून शेजारी बसला, गड मातोश्रींनी घेतला. आणि फत्ते दस्तुरखुद्द रत्नाकररावांची जाहली, ऐसे त्यांच्याच हुकुमावरून दप्तरी दाखल केले असे.